चाचणीसाठी खऱ्या बायका

उंब्रजला आमचं सल्लाकेंद्र महामार्गाच्या सेवारस्त्यालगत आहे. खाली खताचं दुकान, वर आम्ही. खिडकी उघडली तर ट्रकचा धूर, बंद केली तर खताचा वास. गेल्या पावसाळ्यात या खोलीतला एक लॅपटॉप गुरुवारी दुपारपासून शनिवारी पहाटेपर्यंत साऱ्या जगाला उघडा होता. त्यात आमच्याकडे आलेल्या दोनशेहून अधिक बायकांच्या नोंदी होत्या. नाव, गाव, सासर, माहेर, मारहाणीचा तपशील, दवाखान्याचा कागद, आणि घर सोडून निघालेल्या बायकांच्या बाबतीत ‘सध्याचा पत्ता’. आमच्यापैकी एकीलाही याची कल्पना नव्हती. शनिवारी पहाटे वीज गेली, राउटर बंद पडला आणि दार आपोआप लागलं. कोयनेचं धरण एवढं जवळ असून आमच्याकडे वीज जाते म्हणून मी आजवर पुष्कळ बोटं मोडली आहेत. त्या दिवशी मोडली नाहीत.

हे लिहावं की नाही यावर आमच्या बैठकीत बराच वाद झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, आपल्यावरचा विश्वास जाईल, असं काहीजणींचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही. आपण बायकांना सांगत आलो की गप्प बसू नका, झालेलं बोला. मग आपल्या हातून झालं तेव्हा आपणच तोंडाला पदर लावायचा? शिवाय आज जे आमच्याकडे झालं ते उद्या तुमच्याकडे होणार आहे. कदाचित आत्ता, तुम्ही हे वाचत असताना, तुमच्या कार्यालयात कुणीतरी ‘ताई, फक्त एक लिंक पाठवतो’ म्हणत असेल.

रजिस्टर कॉम्प्युटरवर आणायची कल्पना माझीच. ती वाईट होती असं मला अजूनही वाटत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा सांगलीकडच्या एका मैत्रिणीच्या केंद्रातल्या फायली चिखलात गेल्या. पोटगीच्या दाव्यासाठी जपून ठेवलेली पत्रं, जखमांचे दाखले, सगळ्याचा लगदा. दुसरं असं की आमच्या बायका एका तालुक्यात मावत नाहीत. सासर कराड तालुक्यात, माहेर शिराळ्याला, नवरा कामाला पिंपरी-चिंचवडला. एका केंद्रात तिनं सांगितलेली हकिगत दुसऱ्या केंद्रात पुन्हा पहिल्यापासून सांगायची, पुन्हा रडायचं, पुन्हा कागद. हे थांबावं म्हणून नोंदी अशा ठेवायच्या की तिच्या संमतीनं दोन्ही केंद्रांना दिसतील, एवढीच गोष्ट होती.

आमच्याच एका कार्यकर्तीची मुलगी कराडला इंजिनीअरिंग शिकली आहे. तिनं सुट्टीत बसून हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. जँगो नावाचं मोफत साधन आहे, त्यात. तो अजून अर्धवट होता, तिच्या लॅपटॉपवरच चालायचा. असा बांधकाम चाललेला प्रोग्रॅम मशीनच्या आतच स्वतःशी बोलत असतो. त्याचा पत्ता असतो १२७.०.०.१, आणि या आकड्यांचा अर्थ ‘माझंच घर’. माझ्या लॅपटॉपवर तो टाकला तर माझाच लॅपटॉप उघडेल, तुमच्यावर तुमचा. बाहेरच्या कुणाला तिथं येता येत नाही. शिकाऊ पोरीनं भाकरी करताना चुलीपाशी घरचीच माणसं असावीत, तसं हे आहे.

मग देणगीदार संस्थेनं ‘तांत्रिक मदत’ म्हणून पुण्याहून एक मुलगा पाठवला. मुलगा चांगला, नम्र, चहाचा कप स्वतः विसळून ठेवणारा. त्याला तिमाही अहवालात काम झालेलं दाखवायचं होतं. तो म्हणाला, हे सगळ्यांना दिसलं पाहिजे, तरच सूचना येतील. पोरगी म्हणाली, अजून पासवर्डचा भाग व्हायचा आहे. तो म्हणाला, नंतर टाकू. त्यानं पडदा पाहिला आणि म्हणाला, रिकामं रिकामं दिसतंय, भरून दाखवू. महिनाभर दोघीजणींनी कागदी रजिस्टरावरून टाईप करून ठेवलेली यादी होती, ती त्यात ओतली. माझ्यासमोर. मी मान डोलावली. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, गोपनीयतेवर इतरांना व्याख्यानं देणारी मी, मान डोलावून चहा सांगायला खाली गेले.

आता तो लॅपटॉप बाहेर दिसायचा कसा, हे जरा सावकाश सांगते. कारण इथंच आपण ‘हे आपल्याला नाही कळत’ म्हणून बाजूला होतो आणि इथंच घात होतो. त्यानं आधी राउटरमधूनच वाट काढून पाहिली. जमलं नाही. का जमलं नाही? जगात या जुन्या पद्धतीचे पत्ते आहेत सुमारे ४३० कोटी, म्हणजे माणसांपेक्षा कमी. आशिया-पॅसिफिक भागाचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच संपत आला आणि तेव्हापासून वाटप काटेकोर झालं. म्हणून कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. जुन्या वाड्यासारखं समजा. पन्नास बिऱ्हाडं, एकच दिंडी दरवाजा, पत्र्यावर एकच नंबर. आतून कुणी पत्र धाडलं तर त्याचं उत्तर दरवान बरोबर त्या बिऱ्हाडाला पोचवतो. पण बाहेरून कुणी आपणहून आला तर कुणाकडे पाठवायचं हे दरवानाला ठाऊकच नसतं. तो परत लावतो. नव्या पद्धतीचे पत्ते भरपूर आहेत आणि भारतात ते फार झपाट्यानं पसरले, पण तिथंही बाहेरून येणाऱ्याला राउटर सहसा अडवतोच.

म्हणून मग बोगदा. तांत्रिक भाषेतही त्याला टनेलच म्हणतात. बिऱ्हाडातल्या बाईनं चौकातल्या दुकानदाराला आतून फोन लावायचा आणि तो ठेवायचाच नाही. येणारा जाणारा दुकानावर येऊन चौकशी करतो, दुकानदार चालू फोनवरून त्याचं बोलणं करून देतो. दरवानाला वाटतं आतली बाईच बाहेर बोलते आहे, तो कशाला अडवेल? एनग्रॉक, क्लाउडफ्लेअर यांच्या अशा सेवा आहेत, सुरुवातीला फुकट असतात, एका ओळीत काम होतं. आमच्या मुलानं भाड्याच्या एका कॉम्प्युटरकडे असा बोगदा काढला आणि आमच्या संस्थेच्या नावापुढे एक शब्द जोडून त्याला जाहीर पत्ता दिला. खंबाटकीचा बोगदा आपण वर्षानुवर्षं पाहिला तो एकदिशा, साताऱ्याहून पुण्याकडे जाणाऱ्यांचा. हा तसा नाही. यातून जो पाहील तो आत येतो.

ती लिंक त्यानं व्हॉट्सॲपच्या गटावर टाकली. गटात अडतीस माणसं. प्रशिक्षक, देणगीदारांचे अधिकारी, दुसऱ्या जिल्ह्यातले समन्वयक, कोण कोण. आणि खरी गंमत पुढेच आहे. ज्या कार्यकर्त्यांना ते दाखवायचं होतं त्यातल्या नऊजणी त्या दुपारी त्याच खोलीत, त्याच सतरंजीवर बसलेल्या होत्या! एकाच राउटरवरच्या मोबाईलना तो लॅपटॉप इंटरनेटशिवायही दाखवता आला असता, एवढंच काय, लॅपटॉप फिरवून धरला असता तरी चाललं असतं. पण नाही. उंब्रजच्या खोलीतली गोष्ट उंब्रजच्या बायकांना दाखवायला ती जगाच्या चौकातून फिरवून आणावी लागली, कारण अहवालात ‘ऑनलाईन’ हा शब्द हवा होता.

शनिवारी वीज आल्यावर आमच्या पोरीनं लॅपटॉप पाहिला. प्रत्येक येणाऱ्याची ओळ तिथं उमटते. तिचा चेहरा उतरला. आमच्या माणसांच्या भेटी ओळखता येत होत्या. बाकीच्या नव्हत्या. काहीजण तर नोंदींकडे वळलेच नव्हते. ते वर्डप्रेसचं लॉगिन कुठं आहे, पासवर्ड ठेवायची फाईल कुठं आहे, असं एकामागून एक चाचपडत होते. ही माणसं नव्हेतच, यंत्रं. अशा कुलूपबंद पत्त्यासाठी जे प्रमाणपत्र काढावं लागतं त्याची नोंद जाहीर वहीत होते, वही कुणीही वाचू शकतो, आणि वाचत बसणारी यंत्रं असतात. आमच्या पत्त्यात तर ‘केस’ हा शब्दच होता. म्हणजे दारावर पाटी लावून आत काय ठेवलंय तेही लिहिलेलं. नुसते आकडी पत्ते हुडकायचे तर तेही अवघड नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झीमॅप नावाचं साधन काढून दाखवलं की जुन्या पद्धतीचे जगातले सगळे पत्ते एका कॉम्प्युटरवरून पाऊण तासात ठोठावता येतात. ‘आपल्या कोपऱ्यातल्या खोलीकडे कोण बघायला येतंय’ या वाक्याला काही अर्थ राहिलेला नाही. येतात. यंत्राला कोपरा नसतो.

यंत्रांचं एकवेळ सोडा. शुक्रवारी रात्री अकरानंतर एक भेट मोबाईलवरून झालेली होती. यादीचं पान उघडलं, खाली सरकवलं, आणि मग एकच नोंद उघडली. सतरा नंबरची. दोन मिनिटांनी पुन्हा तीच. बस्स.

मधल्या कॉम्प्युटरवर त्या मोबाईलचा पत्ताही सापडला. मोबाईल कंपनीचा, पुन्हा तोच वाड्याचा एकच दिंडी दरवाजा, मागे हजारो माणसं. ज्या व्यवस्थेनं आम्हाला बाहेर दार मिळू दिलं नाही तिनंच आत डोकावणाऱ्याला पदराआड घेतलं. तो कोण होता, की ती कोण होती, हे आम्हाला आजही कळलेलं नाही. गटातल्याच कुणी कुतूहलानं पाहिलं असेल. कुणी पुढे धाडलं असेल. काहीच नसेलही. पण सतरा नंबरची बाई नवऱ्याचं घर सोडून, दोन लेकरं घेऊन, ज्या गावात राहत होती त्या गावाचं नाव त्या पानावर होतं.

आम्ही दोघी तिच्याकडे गेलो. सांगायचं की नाही यावरही आमच्यात मतभेद झाले. ‘उगाच घाबरेल’ असं एक मत होतं. बाईला घाबरू नये म्हणून तिच्यापासून लपवायचं, हे तिच्या सासरच्यांनीही केलं होतं. तेव्हा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. लिंक, बोगदा, लॅपटॉप हे मी मघाशी तुम्हाला सांगितलं तसंच सांगितलं, तिला ते चटकन कळलं. मग तिनं एवढंच विचारलं, “ताई, माजं नाव घालायची काय गरज होती? दुसरं कायतरी घालायचं की.” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. दोन दिवसांनी तिचा भाऊ आला आणि तिची कागदी फाईल घेऊन गेला. तिनं गाव बदललं असं नंतर समजलं. कुठं गेली ते आम्ही विचारलं नाही. ती पुन्हा केंद्रावर आलेली नाही.

‘अब्रू गेली’ असा शब्द आमच्याकडच्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी यावर वापरला. तो मी नाकारते. अब्रू मारणाऱ्याची जाते, मार खाणारीची नाही. गेली ती तिची सुरक्षितता. आणि विश्वासाचं एक ठिकाण गेलं, जे तिला पंचक्रोशीत एकच होतं.

यानंतर आम्हाला जी उत्तरं मिळाली ती ऐकण्यासारखी आहेत. ‘ती तर फक्त चाचणी होती.’ अहो, चाचणी प्रोग्रॅमची होती, त्यातल्या बायका चाचणीच्या नव्हत्या! ‘सगळे असंच करतात.’ हे मात्र खरं आहे आणि म्हणूनच संताप येतो. पॅट्रिऑन नावाची अमेरिकेतली कंपनी आहे, कलावंतांना चाहत्यांकडून पैसे मिळवून देणारी. २०१५ च्या सप्टेंबर अखेरीस तिच्याकडची माहिती चोरीला गेली, सुमारे २३ लाख ई-मेल पत्ते उघडे पडले. कसे? कंपनीनं स्वतःच सांगितलं की चुका शोधण्यासाठी ठेवलेली त्यांच्या साईटची एक कच्ची प्रत बाहेरच्यांना दिसत होती आणि त्या कच्च्या मशीनवर खऱ्या माहितीची नक्कल होती. पैसेवाली, इंजिनीअर बाळगणारी कंपनी आणि उंब्रजची खोली, चूक तीच: अर्धवट बांधलेल्या घरात खरी माणसं राहायला घातली आणि दार उघडं टाकलं. जँगोच्या माहितीपुस्तिकेत स्वच्छ बजावलेलं आहे की शिकाऊ सर्व्हर जनतेसाठी चालवू नका आणि चुका दाखवायची सोय चालू ठेवून बाहेर जाऊ नका. कारण ती सोय चालू असताना काही बिघडलं की प्रोग्रॅम त्या क्षणी जे हातात असेल ते पडद्यावर मांडतो, ते कुणाचं का असेना. बांधणाऱ्याला त्याची मदत होते. चोरालाही तितकीच होते.

तिसरं उत्तर मला सर्वांत जास्त झोंबलं, कारण ते आपल्यातल्याच एका जुन्या मैत्रिणीकडून आलं. ती म्हणाली, आपणच तर म्हणतो ना, खाजगी ते राजकीय? मग बाहेर आलं तर एवढं काय? मैत्रिणींनो, खाजगी ते राजकीय याचा अर्थ खाजगी ते जाहीर असा कधीच नव्हता. नवऱ्याची मारहाण हा घरगुती मामला नाही, सत्तेचा प्रश्न आहे, एवढं आपण म्हटलं. कुणाची मारहाण, कोणत्या गावातली, केव्हा आणि कुणापुढे मांडायची हे ठरवायचा हक्क तिचा, हेही आपणच म्हटलं. मथुरेची केस आठवा. १९७२ साली आपल्याच महाराष्ट्रात पोलीस ठाण्यात त्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडलं, १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या. त्या आंदोलनातून १९८३ ची कायदादुरुस्ती झाली आणि बलात्कारित स्त्रीची ओळख छापणं, जाहीर करणं हा गुन्हा ठरला. आज भारतीय न्याय संहितेत ते ७२ वं कलम आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात सुनावणी बंद दाराआड घेण्याची सोय आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात तक्रारदार बाईची ओळख उघड करायला बंदी आहे. ही दारं लावून घेण्याचे अधिकार सरकारनं प्रेमानं दिलेले नाहीत. ते चळवळीच्या रेट्यामुळे आले आहेत. आणि आपणच एका आज्ञेच्या ओळीनं दार उघडतो?

बायकांची माहिती उघड्यावर पडली की तिचं काय करतात तेही आपण पाहिलं आहे. २०२१ मध्ये सुल्ली डील्स, २०२२ च्या जानेवारीत बुल्ली बाई. बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या मुस्लिम बायकांचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडला होता. प्रोग्रॅम लिहिणारी पोरं विशीतली होती. त्यांना फोटो तरी जाहीर ठिकाणाहून उचलावे लागले. आपण तर पत्त्यांसकट ताट वाढून ठेवत होतो.

आता दुसऱ्या टोकाचं. घटनेनंतर आमच्यातल्या काहीजणी म्हणू लागल्या, नको ते कॉम्प्युटर, आपलं कागदी रजिस्टर आणि गोदरेजचं कपाट बरं. हेही मला मान्य नाही. कपाटातलं काय सुरक्षित होतं? चावी खिडकीच्या कट्ट्यावर असायची हे साऱ्या गावाला ठाऊक. एकदा एका बाईच्या दिरानं ‘सही करायची आहे’ म्हणून रजिस्टर हातात घेतलं आणि पानं चाळली, आम्ही बघत राहिलो. कागदाचं गोडवं गाताना हे विसरू नये.

आणि माझा मुद्दा निव्वळ सुरक्षेचा नाही. मला बायकांना दार हवं आहे. दाराची कडी आतून हवी, पण दार हवं. आपल्या भागातल्या चळवळीनं पत्त्यासाठी केवढी झुंज दिली आहे! १९८० च्या दशकाच्या अखेरीस सांगली जिल्ह्यात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीच्या बायकांनी परित्यक्तांना स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मिळावं म्हणून लढा उभा केला. नवऱ्यानं टाकलेली बाई सरकारच्या लेखी कुठंच राहत नसे. कार्ड नवऱ्याच्या नाहीतर बापाच्या नावावर, ती त्यातलं एक माणूस. स्वतःचं नाव आणि स्वतःचा पत्ता एका कागदावर, एवढ्यासाठी मोर्चे काढावे लागले. आज इंटरनेटवर तेच चाललं आहे. आमच्या मोबाईलवर सगळं जग येतं, सिनेमे येतात, कर्जाच्या जाहिराती येतात, पण आमच्याकडे कुणाला येता येत नाही. आम्ही कुणाच्या तरी वाड्यातली बिऱ्हाडं. आमचं काही दाखवायचं तर दुकानदाराच्या फोनवरून. आणि हा दुकानदार मधे बसून ऐकू शकतो, हे विसरू नका. अशा बहुतेक सेवांमध्ये कुलूप त्यांच्या मशीनवर उघडतं आणि पुढं आपल्याकडे येतं. त्याला वाटेल तेव्हा तो दुकान बंद करील, नाहीतर भाडं मागेल.

हे आपल्याकडे पहिल्यापासून असंच आलं. १९९८ मध्ये वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प झाला. सत्तर गावांत कॉम्प्युटरची केंद्रं, केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेची सहकारी संस्था यांचे मिळून पैसे. मोठमोठ्या गोष्टी बोलल्या गेल्या. प्रत्यक्षात त्या केंद्रांचा मुख्य उपयोग उसाच्या नोंदींपुरता उरला, आणि पुढे २००७ च्या सुमारास तेच काम मोबाईलच्या संदेशावर करून पाहिलं गेलं, ते स्वस्तात झालं. ऊस कुणाच्या नावावर असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याच्या उलट म्हसवडचं पाहा. माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र तिथं २००८ पासून आहे, बायकांच्या संस्थेचं. रेडिओवर बोलणाऱ्या कुणालाही एक गोष्ट शिकवावी लागत नाही: माईक चालू आहे की बंद, हे आधी विचारायचं. लाल दिवा लागला की आपण आता खोलीत नाही, गावात बोलतोय, हे अंगात भिनतं. कॉम्प्युटरला असा लाल दिवा नाही. पडदा तसाच दिसतो, खोली तशीच, चहा तसाच. म्हणून तो दिवा आपणच लावून घ्यायला हवा.

आम्ही काय केलं ते सांगते, आदर्श म्हणून नव्हे. आधी त्या लॅपटॉपवरून खऱ्या नोंदी पुसल्या. मधल्या कॉम्प्युटरवरच्याही पुसायला लावल्या, पुसल्याचं लेखी घेतलं. मग एका दुपारी सगळ्याजणी बसल्या आणि पन्नास खोट्या बायका तयार केल्या. नावं, गावं, सासवा, दीर, मेडिकलचे कागद, सगळं बनावट. खोट्या नवऱ्यांची नावं ठेवताना जो हशा झाला तो त्या महिन्यातला पहिला. एक काकी म्हणाल्या, माझ्या खोट्या बाईला नवरा चांगला द्या, ती निव्वळ रेशनकार्डासाठी आली आहे. यातून नोंदीत ‘तक्रार’ सोडून आणखी रकाने हवेत हे पोरीच्या ध्यानात आलं. पुण्याच्या मुलाला दोन दिवसांत जे सुचलं नव्हतं ते त्या बैठकीत सुचलं. ‘सध्याचा पत्ता’ हा रकाना तर काढूनच टाकला. तो एका वहीत, बाईला विचारून, फक्त एका कार्यकर्तीकडे.

लांबच्या मैत्रिणींना दाखवायचं तेव्हा आता वेळ ठरवून बोगदा उघडतो, चुका दाखवायची सोय बंद करून. नाव-पासवर्ड विचारल्याशिवाय पान दिसत नाही आणि पासवर्ड गटावर टाकत नाही, फोनवर सांगतो. ज्यांचे मोबाईल आधी ओळखीचे करून घेतलेत तेवढ्यांनाच आत घेणारी वायरगार्डसारखी खाजगी जाळीही असते. पोरगी सध्या ते शिकते आहे, जमलं तर बोगद्याची गरजच उरणार नाही. आणि उघडलं की भिंतीवरच्या पाटीवर खडूनं लिहायचं, कुणी उघडलं, केव्हा, कशासाठी. बंद केलं की त्यापुढे बंदची वेळ. खडू संपतो, विसरतो, चिडचिड होते. तरी लिहितो. हा आमचा लाल दिवा.

देणगीदारांशी मात्र भांडण मिटलेलं नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यातली मुख्य बंधनं टप्प्याटप्प्यानं लागू व्हायची आहेत. तेव्हापासून त्यांच्याकडून ‘जबाबदारी केंद्राची’ अशा अर्थाचे कागद सहीसाठी येऊ लागले आहेत. लिंक काढताना जबाबदारी त्यांच्या तांत्रिक मदतीची होती, फुटली की केंद्राची. मी सही केलेली नाही. मी लिहून कळवलं आहे की ज्यांच्या नोंदी आहेत त्या बायकांच्या बैठकीत हा कागद मराठीत वाचला जाईल, त्या हो म्हणाल्या तर सही होईल, आणि तुमचा माणूस त्या बैठकीला हजर पाहिजे. दोन महिने झाले, उत्तर नाही.

गेल्या महिन्यात विट्याच्या आणि कराडच्या मैत्रिणींना प्रोग्रॅम दाखवला. चाळीस मिनिटं दार उघडं होतं. पोरीनं सगळ्यांसमोर बोगदा बंद केला आणि काकींनी आपल्या मोबाईलवर पुन्हा पुन्हा लिंक दाबून पाहिली, खरंच बंद झालं का म्हणून. सतरा नंबर आम्ही पुन्हा कुणाला दिलेला नाही, खोट्या यादीतही सोळानंतर अठरा येतो. तिमाही अहवालाचा छापील फॉर्म टेबलावर आहे. त्यात ‘नोंदी ऑनलाईन: पूर्ण/अपूर्ण’ असा एक रकाना आहे. तो मी कोरा ठेवला आहे.